उसनं वाद्य

मे महिन्यात पंखे पुसायला स्टुलावर चढलो होतो, तेव्हा माळ्यावर भाचीचं व्हायोलिन हाताला लागलं. पेटी उघडून पाहिलं. वरची फळी आणि बाजूची पट्टी यांच्यात नख जाईल एवढी फट पडलेली, तारांखालची घोडी आडवी झालेली, आणि उचलून हलवलं की आत काहीतरी खुळखुळत होतं. भाची खाली टेबलाशी नीटचे प्रश्न सोडवत बसली होती. बारावीसाठी ती आमच्याकडे लातूरला राहते. मान वर न करता म्हणाली, "काय करायलाव मामा? ठिवा की ते वर परत."

ते व्हायोलिन तिच्या दहावीच्या वेळचं. शास्त्रीय संगीताच्या परीक्षा दिल्या की दहावीला वाढीव गुण मिळतात, म्हणून तिच्या वडिलांनी ते पुण्याहून आणलं. एका सरांकडे ती तीन वर्षं गेली, गुण मिळाले, आणि निकालाच्या आठवड्यात व्हायोलिन माळ्यावर गेलं. कुणी रागावलं नाही, कुणी रडलं नाही. लग्न झाल्यावर मांडव सोडावा तसं ते सुटलं.

तिच्या कानात इअरफोन होते. काय ऐकतेस म्हणून विचारलं तर तिनं मोबाइल पुढं केला. दाट कुरळ्या केसांचा एक सावळा पोरगा डोळे मिटून वाजवत होता. "व्हायोलिनच की," मी म्हणालो. "मामा, व्हायोलिन नाही हो हे. चेलो आहे."

चेलो म्हणजे व्हायोलिनचा थोरला भाऊ. चारेक फूट उंचीचा, खुर्चीत बसून दोन गुडघ्यांत धरायचा, खालची लोखंडी दांडी जमिनीला टेकवायची आणि गज आडवा ओढायचा. चार तारा. खालची तार घोगऱ्या पुरुषाच्या खर्जासारखी, वरची बाईच्या गळ्यासारखी. माणसाच्या आवाजाच्या जवळ जाणारं वाद्य म्हणून त्याचं नाव निघतं, आणि आपल्याकडे सारंगीबद्दलही लोक हेच बोलतात.

मोबाइलमधला पोरगा म्हणजे शेकू कॅने-मेसन. जन्म १९९९ चा, इंग्लंडातल्या नॉटिंगहॅमचा. सात भावंडं, सगळीच वाजवणारी. २०१६ मध्ये, सतराव्या वर्षी, रशियन रचनाकार शोस्ताकोविचचा पहिला चेलो कॉन्चेर्टो, म्हणजे एक वादक आणि वाद्यवृंद यांच्यासाठीची रचना, वाजवून त्यानं बीबीसीची तरुण वादकांची स्पर्धा जिंकली. ती जिंकणारा तो पहिला कृष्णवर्णीय. २०१८ मध्ये विंडसरला राजपुत्र हॅरीच्या लग्नात वाजवलं आणि जगभर पोचला. २०२० मध्ये इंग्रज रचनाकार एल्गरच्या कॉन्चेर्टोची त्याची ध्वनिमुद्रिका ब्रिटनच्या पहिल्या दहा अल्बमांत गेली. एखाद्या चेलोवादकाच्या बाबतीत असं आधी कधी झालं नव्हतं.

अशी गोष्ट आपल्याकडे सांगितली की ऐकणारा लगेच म्हणतो, "देवाची देणगी आहे." माझं भांडण आहे ते या वाक्याशी. वाक्य दिसायला नम्र आहे, पण त्यानं आपली सुटका होते. देणगी देवाची म्हटली की आपल्याकडे कुणाची बाकी राहत नाही. ना शाळेची, ना जिल्हा परिषदेची, ना आपली.

पोराची वाट नीट बघा. तो शिकला सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळेत. वयाच्या सहाव्या वर्षी चेलो हातात आला. नवव्या वर्षापासून शिष्यवृत्तीवर दर शनिवारी रेल्वेनं नॉटिंगहॅमहून लंडनला, रॉयल अकॅडमी या संगीतसंस्थेच्या मुलांच्या वर्गाला. तिथून पुढं सार्वजनिक प्रसारण संस्थेची स्पर्धा. म्हणजे शाळा, शिष्यवृत्ती, रेल्वेचं तिकीट, स्पर्धा, अशी एकेक पायरी कुणीतरी आधी बांधून ठेवली होती, आणि हा चढला. चढणाऱ्याचे कष्ट कमी लेखायचं कारण नाही. पण जिना नसता तर तो चढला कशावर असता? हे त्याला स्वतःलाही पक्कं ठाऊक असावं. नाव झाल्यावर त्यानं आपल्या जुन्या शाळेला ३००० पाउंड दिले, तिथल्या पोरांचे चेलोचे धडे बंद पडू नयेत म्हणून. तिकडेही शाळांच्या संगीतावर कात्री चालते, आणि त्याबद्दल हे कुटुंब जाहीरपणे बोलत आलं आहे.

आता मला खरी गंमत वाटते ती पुढची. आज हा जगप्रसिद्ध वादक जो चेलो वाजवतो तो त्याचा नाही. व्हेनिसच्या मातेओ गोफ्रिलर नावाच्या कारागिरानं १७०० साली केलेला तो चेलो त्याला वापरायला दिलेला आहे. उसना. आणि हा काही एकटाच नाही. जॅकलिन दु प्रे या इंग्रज वादिकेकडे स्ट्राडिव्हारी या नामांकित इटालियन कारागिराचा १७१२ चा एक चेलो होता, तो पुढं यो-यो मा या अमेरिकन चेलोवादकाच्या हातात आला, तोही वापरायला म्हणून. (याच यो-यो मांनी १९९९ मध्ये आपला दुसरा, १७३३ चा, चेलो न्यूयॉर्कच्या टॅक्सीत विसरला होता. पोलिसांनी त्याच दिवशी शोधून दिला. एसटीत डबा विसरणाऱ्या आपल्यासारख्यांना तेवढाच दिलासा.) या वाद्यांच्या किमती इतक्या आहेत की वादकाला ती विकत घेणं बहुधा झेपत नाही. मग कुठली तरी संस्था नाहीतर धनिक ती घेतो आणि वाजवणाऱ्याच्या स्वाधीन करतो. खालपासून वरपर्यंत या धंद्याचा पाया उसनवारी आहे.

लहानपणी तर उसनवारीशिवाय इलाजच नसतो. चेलो आणि व्हायोलिन दोन्ही मुलाच्या अंगमापानं येतात: पाव, अर्धा, पाऊण, पूर्ण. पोरगं वाढलं की वाद्य बदलायचं. शिकाऊ चेलोसुद्धा वीस-पंचवीस हजारांच्या पुढंच सुरू होतो. औशाच्या दोन एकर कोरडवाहू सोयाबीनवाल्यानं पोरीसाठी तो चारदा घ्यायचा का? सोयाबीनचा भाव काय मिळतो ते सगळ्यांना माहीत आहे. पण तेच चार चेलो एखाद्या ठिकाणी ठेवले आणि थोरल्याचा सदरा धाकट्याला जातो तसे एका मुलाकडून दुसऱ्याकडे गेले, तर वीस वर्षं पुरतील.

ही कल्पना परकी वाटत असेल तर आपल्या गावच्या मारुतीच्या देवळात जाऊन या. आमच्या गावी देवळातल्या लाकडी कपाटात एक पेटी, म्हणजे हार्मोनियम, आहे, हिरव्या फडक्यात बांधलेली. शेजारी दोन पखवाज, टाळांचे जोड, एक वीणा. ती पेटी कुणाची? गावाची. वर्गणीतून आणलेली. कपाटाची किल्ली विणेकऱ्याकडे. सप्ताहाच्या आधी आठ दिवस पेटी बाहेर निघते, कारण उंदरांनी भाता कुरतडलेला असतो आणि दोन पट्ट्या दाबल्या तरी वर येत नसतात. पखवाजाच्या धुम्याला, म्हणजे डाव्या तोंडाला, कणीक लावायला पोरांची झुंबड उडते, आणि त्या झुंबडीतलंच एखादं पोरगं दोन वर्षांनी हरिपाठाला साथ करताना दिसतं. त्याला कुणी विचारलेलं नसतं की बाळा, तुझ्यात प्रतिभा आहे का. वाद्य समोर होतं, हात लावू दिला, एवढंच. मराठवाड्यात जो काही सुरेल आवाज आणि तयारीचा हात आहे, त्यातला फार मोठा भाग या कपाटातून आलेला आहे.

त्या मानानं एकट्याच्या मालकीच्या वाद्याची गोष्ट बघा. लग्नाच्या बँडमधला क्लॅरिनेटवाला घ्या. वाद्य बँडमालकाचं, फुंक याची. सीझन संपला की वाद्य मालकाच्या खोलीत, आणि हा विटभट्टीवर. सात महिने त्याच्या बोटांना काम नाही.

परकेपणाचा आक्षेप मात्र मी फार मनावर घेत नाही. ती देवळातली पेटीच मुळात युरोपातून आलेली. १९४० मध्ये ऑल इंडिया रेडिओनं तिच्यावर बंदी घातली, ती १९७१ पर्यंत टिकली. विद्वानांचं म्हणणं होतं की तिच्यात श्रुती, म्हणजे दोन सुरांमधल्या बारीक जागा, नाहीत, आणि एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जायची मींड नाही. म्हणणं खरंही होतं. पण त्या तीस वर्षांत एकाही गावानं आपली पेटी देवळाबाहेर काढली नाही. व्हायोलिन तर कर्नाटक संगीतात असं मुरलं की ते बाहेरून आलं हे सांगावं लागतं. चेलोही आता त्या वाटेवर आहे. सास्किया राव-द हास या मूळच्या डच वादिका दिल्लीत राहून चेलोवर राग वाजवतात. त्यासाठी त्यांनी वाद्याचं रूप बदलून घेतलं, तरफेच्या, म्हणजे न छेडता आपोआप झंकारणाऱ्या, तारा बसवल्या. नॅन्सी कुलकर्णी यांनी चेलोवर धृपद आणलं. चेलोला सतारीसारखे पडदे नसतात, त्यामुळे मींड घ्यायला मोकळं रान. पेटीपेक्षा तो आपल्याला जवळचा आहे, असं मी म्हणेन आणि कुणी भांडायला आलं तर भांडेन.

आणि गजाच्या वाद्याचं म्हणाल तर ते इथलंच आहे. यादव राजा सिंघणाच्या काळात, तेराव्या शतकात, देवगिरीला शारंगदेवानं 'संगीतरत्नाकर' लिहिला. त्यातल्या वाद्याध्यायात गजानं वाजवायची पिनाकी वीणा आहे. चेलो इटलीत तयार झाला तो सोळाव्या शतकात. हा शारंगदेव काश्मिरातून आलेल्या घराण्यातला, आणि नोकरी करत होता दरबारात, हिशेबखात्यात! संगीतावरचा एवढा मोठा ग्रंथ एका सरकारी पगारावर लिहिला गेला, तोही आपल्या दौलताबादच्या डोंगराखाली. संगीतावर सरकारी पैसा खर्च करणं हे चोचले आहेत असं ज्यांना वाटतं, त्यांनी घाट चढताना एवढं आठवावं.

आता लातूरकडे येतो, कारण दुखणं इथं आहे. लातूर पॅटर्न हे प्रकरण मी जवळून पाहिलंय. त्याची थट्टा करणं सोपं आहे आणि मी कधीकधी करतोही. पण त्यानं एक गोष्ट सिद्ध केली, जी मला फार मोलाची वाटते. खेड्यातल्या, ज्याच्या घरात कधी कुणी डॉक्टर झालेला नाही अशा मुलाला, या शहरानं कधी विचारलं नाही की तुला जीवशास्त्राची दैवी देणगी आहे का. वसतिगृह दिलं, मेस दिली, अभ्यासिका दिली, दर रविवारी पेपर, चुकलं की परत पेपर. पहिल्या वर्षी नाही जमलं तर रिपीटरची बॅच. म्हणजे नीटच्या बाबतीत आपण सरावावर, मास्तरवर आणि वेळापत्रकावर विश्वास ठेवतो. गाण्याचा विषय निघाला की तेच आपण एकदम अध्यात्मिक होतो आणि म्हणतो, ते रक्तातच असावं लागतं.

रक्तात काही नसतं असं मी म्हणत नाही. पण पाब्लो कासाल्स या कातालान वादकाची गोष्ट ऐका. चेलोला आजचं स्थान ज्यांच्यामुळे मिळालं त्यांत हा पहिला. लहान होता तेव्हा गावात फिरस्ते वादक आले, त्यांच्यातला एक जण केरसुणीच्या दांड्याला तार बांधून वाजवत होता. पोरानं घरी येऊन हट्ट धरला. वडील चर्चमध्ये ऑर्गन वाजवणारे, पैशाची ओढाताण. त्यांनी वाळलेल्या भोपळ्याला तार लावून त्याला वाद्य करून दिलं. वाळका भोपळा! आपला तंबोरा, एकतारी, वीणा कशाची असते? खरा चेलो त्यानं अकराव्या वर्षी पाहिला. तेराव्या वर्षी, १८९० मध्ये, बार्सिलोनाला वडिलांनी त्याला पहिला पूर्ण मापाचा चेलो घेऊन दिला, आणि त्याच फेरीत एका जुन्या दुकानात त्याला जर्मन रचनाकार बाखच्या सहा चेलो सुइट्सची, म्हणजे छोट्या तुकड्यांच्या सहा संचांची, पुस्तिका सापडली. ते तुकडे लोकांपुढे वाजवायच्या आधी त्यानं बारा वर्षं घरी घोटले. बारा वर्षं. रिपीटरच्या बॅचला लाज वाटावी.

त्या गोष्टीतला बाप काढून टाका. भोपळा माळ्यावर वाळत राहिला असता.

आक्षेप येतील, आणि त्यातला एक मला टाळता येत नाही. ज्या लातूरला २०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, तिथं चेलोच्या गोष्टी कसल्या करता? हा प्रश्न मला माझ्या थोरल्या भावानं विचारला आहे, आणि त्याच्या बोअरला तेव्हा पाणी नव्हतं. मी गप्प बसलो. अजूनही त्याला पुरतं उत्तर देता येईल असं वाटत नाही. एवढंच दिसतं की त्याच दुष्काळी वर्षांत आपल्याकडे सप्ताह बंद पडले नाहीत, मिरवणुकीतले डीजे बंद पडले नाहीत, आणि गावोगाव सभामंडपही उभे राहत होते. पैसा आवाजावर खर्च होतच होता. कुठल्या आवाजावर, एवढाच प्रश्न आहे. (मिरजेहून आपल्याकडे पाणी एकाच वर्षी आलं. तंबोरे कितीतरी वर्षं येताहेत.)

दुसरा आक्षेप पोटाचा. चेलो वाजवून खाणार काय? हा प्रश्न बरोबर आहे आणि त्याला खोटं उत्तर देऊ नये. भारतात पाश्चात्त्य अभिजात संगीताचा पूर्णवेळ व्यावसायिक वाद्यवृंद एकच आहे, मुंबईच्या एनसीपीए या कलाकेंद्राचा सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया, २००६ मध्ये सुरू झालेला. त्यातही बाहेरदेशचे वादक मोठ्या संख्येनं आहेत, कारण तेवढ्या तयारीचे आपल्याकडे पुरेसे मिळत नाहीत. चित्रपटांच्या ध्वनिमुद्रणाचं काम आहे, शिकवण्याचं आहे. पण कुणी पालकांना सांगत असेल की चेलोत फार स्कोप आहे, तर तो क्लासची जाहिरात करतोय. मी चेलोसाठी भांडत नाहीये. नांदेडचे गायक पंडित नाथराव नेरळकर काय किंवा परभणीचे गोंधळी राजारामबापू कदम काय, या मातीनं मोठे कलावंत दिले, त्यांच्यापैकी कुणी स्कोप बघून सुरुवात केली नसणार. माझं म्हणणं एवढंच आहे की पुढच्या नाथरावांच्या हातात तंबोरा पडायचा की चेलो हे त्याला ठरवू द्या, पण काहीतरी पडू द्या.

शाळेकडून ते होईल अशी आशा मी सोडलेली आहे. २०२० चं शैक्षणिक धोरण म्हणतं की कला ही अवांतर गोष्ट नव्हे, अभ्यासाचाच भाग. वाचायला छान वाटतं. आणि शिक्षणहक्क कायद्यात कलेच्या अर्धवेळ निदेशकाची जी तरतूद आहे ती सहावी ते आठवीत शंभराहून जास्त मुलं असतील तिथं. आमच्या भागातल्या वाडी-तांड्यावरच्या शाळेत पटावर एकूण चाळीस पोरं. म्हणजे जिथं घरी काहीच नाही, तिथं शाळेतही नाही. आणि दहावीचे वाढीव गुण हे या सगळ्यावरचं उत्तर समजलं जातं! गुणांमुळे काय होतं ते माझ्या माळ्यावर दिसलं.

म्हणून मला वाटतं, हे काम ग्रंथालयाकडे द्यावं. महाराष्ट्रात १९६७ पासून सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा आहे, जिल्ह्याला शासकीय ग्रंथालय आहे, तालुक्याला अनुदानाची ग्रंथालयं आहेत. वस्तू देणं, नोंद ठेवणं, परत घेणं, दंड लावणं हे सगळं त्यांना येतं. पुस्तकाच्या शेजारी वीस वाद्यं ठेवा. दहा व्हायोलिनं वेगवेगळ्या मापांची, चार पेट्या, तबल्याचे जोड, एखादी सारंगी, एखादा दिलरुबा, दोन चेलो. अनामत घ्या, सहा महिन्यांना द्या, पुढं हवं असेल तर वाजवून दाखवा आणि मुदत वाढवून घ्या. जिल्हा नियोजनाच्या पैशातून हे सहज बसेल. एका मोठ्या सभामंडपाच्या खर्चात तर कितीतरी वर्षं चालेल. सोबत आठवड्यातून दोन दिवस येणारा शिक्षक हवाच, त्याशिवाय वाद्य म्हणजे शोभेची वस्तू. भोळेपणा वाटत असेल तर पश्चिम बंगालमधल्या कालिंपोंगला बघा. तिथल्या गांधी आश्रम शाळेत १९९३ पासून मजुरांची मुलं व्हायोलिन शिकतात. एका कॅनेडियन पाद्र्यानं, फादर एडवर्ड मॅग्वायर यांनी सुरू केलं. तिथंही कुणाच्या रक्तात व्हायोलिन नव्हतं.

आणि एक दुरुस्तीवाला लागेल. हे मला त्या मे महिन्यात कळलं. फट पडलेलं व्हायोलिन घेऊन मी गंजगोलाईजवळ एका फर्निचरवाल्याकडे गेलो. त्यानं उलटसुलट करून पाहिलं आणि म्हणाला, "फेविकॉल मारून देतो, जन्मात निघायचं नाही." ते ऐकून मी वाद्य काखेत मारून परत आलो, कारण तेवढं मी वाचलेलं होतं. या वाद्यांची वरची फळी मुद्दाम कच्च्या डिंकानं, जनावरांच्या कातड्याच्या सरसानं चिकटवतात. हवा कोरडी पडली की लाकूड आक्रसतं. तेव्हा सांधा सुटला तर फळी वाचते. सांधा जन्मात न निघणारा असेल तर फळीच तडकते. आपल्या उन्हाळ्यात पारा चव्वेचाळीसला जातो, हवेत ओल म्हणून नसते. इथं तर सांधे सुटणारच.

शेवटी सप्ताहाच्या पेट्या दुरुस्त करत गावोगाव फिरणारे एक म्हातारे गाठले. त्यांनी आयुष्यात व्हायोलिन उघडलेलं नव्हतं. फटीला नाक लावून वास घेतला आणि म्हणाले, "सरस हाय. सरसच लावावा लागंल." रात्रभर भिजत घातलेला सरस सकाळी डबीत, गरम पाण्याच्या पातेल्यात ठेवून पातळ केला. सुरीच्या पात्यानं फटीत भरला, सुती पट्टीनं आवळून बांधला. आत खुळखुळत होती ती एक लहानशी लाकडी काडी. ती कशालाच चिकटवलेली नसते. तारांच्या ताणानं वरची आणि खालची फळी यांच्यात उभी राहते, आणि तारा सैल पडल्या की पडते. वाद्याचा निम्मा आवाज त्या काडीत असतो. वाकवलेल्या तारेनं ती बाजूच्या भोकातून आत घालून उभी करायला त्यांना दीड तास लागला. चौथ्यांदा पडली तेव्हा त्यांनी एक सणसणीत शिवी दिली आणि चहा मागितला. पाचव्यांदा उभी राहिली.

पैसे विचारले तर म्हणाले, "वाजवतंय कोण?" मी भाचीकडे पाहिलं. तिनं गज घेतला, राळ घासली, मोकळी तार ओढली. आवाज आला, जरा नाकातला. दोन मिनिटं तिनं काहीतरी यमनासारखं शोधलं, मग घड्याळ बघितलं आणि पुस्तक ओढलं. तिचे जुने सर आता पुण्याला गेलेत. लातुरात दुसरं कुणी तिला अजून मिळालेलं नाही.

तिची परीक्षा पुढच्या मेमध्ये आहे. व्हायोलिन आता माळ्यावर नाही, कपाटात आहे, खाली. त्याच्या पेटीत मी साबणाच्या भोकं पाडलेल्या डबीत ओला स्पंज ठेवलाय, लाकडाला ओल मिळावी म्हणून. तो दर तीन दिवसांनी वाळतो.